शेवटचे दोन किलोमीटर

नकाशा टेबलावर पसरा आणि आग्र्यापासून मालदीवमधल्या हुलहुले बेटापर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ ओढा. रेघ भोपाळच्या अंगाने खाली येते, नर्मदा ओलांडते, मेळघाटात धारणीच्या डोक्यावरून जाते आणि शेगावला जवळजवळ चाटून पुढे सरकते. सोलापूर थोडे उजव्या हाताला ठेवून ती कर्नाटकात शिरते आणि कासरगोडच्या आसपास किनारा सोडते. तिथून पुढचे नऊशे किलोमीटर नुसता समुद्र आहे. सगळे मिळून अंतर भरते सुमारे २,६०० किलोमीटर. आमच्या परतवाड्यापासून ही रेघ पश्चिमेला जेमतेम सत्तर किलोमीटरवर आहे.

३ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी भारतीय हवाई दलाची आयएल-७६ विमाने आग्र्याहून उडाली, ती हे अंतर वाटेत कुठेही न थांबता कापण्यासाठी. पोटात ५० व्या स्वतंत्र पॅराशूट ब्रिगेडचे जवान होते. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर फारुख बलसारा, सहाव्या पॅरा बटालियनचे कर्नल सुभाष जोशी आणि विमानांच्या ४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर. मालदीवमधले भारताचे उच्चायुक्त ए. के. बॅनर्जी त्या दिवशी योगायोगाने दिल्लीत होते. तेही विमानात बसले. राजधानी माले बंडखोरांच्या ताब्यात गेली होती. मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन कॅक्टस’.

ही मोहीम आकड्यांनी मोजायला घेतली की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो तिचा आवाका. पण मला या आकड्यांत जास्त महत्त्वाचे वाटते ते दुसरेच काही. अशा सुटकेच्या मोहिमेत हजारो किलोमीटरचा हिशेब बहुतेक वेळा जमून जातो. घोडे अडते, आणि माणसे मरतात, ती शेवटच्या दोन किलोमीटरांत. कधी तर शेवटच्या दोनशे मीटरांत.

आधी मालदीवचा आकार लक्षात घेऊ. सुमारे १,२०० बेटे, त्यांतली वस्तीची दोनशेच्या आसपास. सगळ्या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून अडीच मीटरही भरत नाही. परतवाड्याहून घाट चढून आपण चिखलदऱ्याला जातो ते १,११८ मीटरवर, म्हणजे मालदीवच्या सर्वोच्च जागा एकावर एक साडेचारशे रचल्या तर चिखलदरा येईल. देशाची लोकसंख्या तेव्हा दोन लाखांच्या घरात होती. राजधानीचे माले बेट दोन चौरस किलोमीटरांच्या आसपास आणि त्यावर राहणारी माणसे पन्नास हजार. २०११ च्या जनगणनेत अचलपूर-परतवाडा नगरपालिकेची लोकसंख्या एक लाख बारा हजार होती; तिच्या निम्म्याहून कमी माणसांची ही एका देशाची राजधानी.

ती काबीज करायला आले किती? साधारण ऐंशी. अब्दुल्ला लुथुफी नावाचा मालदीवचाच एक व्यापारी श्रीलंकेत बसून सत्तापालटाचा बेत आखत होता. त्याने तिथल्या ‘प्लॉट’ या तमिळ सशस्त्र संघटनेची माणसे भाड्याने आणली. पहाटेच्या अंधारात ती मालेत उतरली. पन्नास हजारांचे शहर आणि बंदुकधारी ऐंशी, म्हणजे एकामागे सव्वासहाशे नागरिक. दोन चौरस किलोमीटरांच्या बेटावर पळून जाणार कुठे? राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम घर बदलत लपत राहिले आणि बंडखोरांच्या हाती लागले नाहीत. आणि बंडखोरांकडून एक चूकही झाली. विमानतळ मालेत नाही. तो शेजारच्या हुलहुले बेटावर आहे, मधे दोन किलोमीटरांहून कमी रुंदीची खाडी. त्यांनी शहर घेतले आणि विमानतळ तसाच सोडला. पुढची सगळी मोहीम या एका सोडलेल्या बेटावर उभी राहिली.

मालदीवने मदतीसाठी अनेक देशांकडे हाक दिली. अमेरिकेचा सर्वांत जवळचा मोठा तळ दिएगो गार्सियाला, बाराशे-तेराशे किलोमीटरवर, म्हणजे आग्र्याच्या निम्म्या अंतरावर. तरी आधी पोहोचले ते आग्र्याचे जवान. सकाळी हाक गेली, त्याच रात्री भारतीय चाके हुलहुलेच्या धावपट्टीला टेकली.

आयएल-७६ च्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नास मीटर. उडताना कमाल वजन १९० टनांपर्यंत. हवाई दलात त्याला ‘गजराज’ म्हणतात. ताशी साडेसातशे-आठशे किलोमीटरच्या वेगाने २,६०० किलोमीटरला साधारण साडेतीन तास लागतात. वऱ्हाडातल्या वाचकाला हा वेळ ओळखीचा वाटेल. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी आपली शकुंतला ७६ किलोमीटर यायला चार तास घ्यायची, आणि १९८८ साली ती वाफेच्या इंजिनावरच धावत होती. डिझेल इंजिन लागले ते १९९४ मध्ये. म्हणजे त्या संध्याकाळी एखादी शकुंतला मूर्तिजापूरहून सुटली असती, तर ती अचलपूरच्या फलाटाला लागण्याआधी आग्र्याची माणसे विषुववृत्ताच्या पाच अंशांच्या आत उतरलेली असती.

वेगाचे एवढे मोल का, हे समजायला परतवाड्याहून लांब जावे लागत नाही. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा अचलपुरात एकत्र आल्या आणि ७ तारखेला गाविलगडाकडे निघाल्या. स्टीव्हन्सनची तुकडी जड तोफा ओढत डोंगरातून किल्ल्याच्या उत्तरेला गेली. तीस मैलांच्या त्या वाटेला पाच दिवस लागले, आणि वाट बरीचशी सैनिकांनी स्वतः फोडली. १५ डिसेंबरला किल्ला पडला, १७ ला भोसल्यांनी देवगावच्या तहावर सह्या केल्या. तिथेही शेवट एका भिंतीवर येऊन ठेपला होता. तोफांनी बाहेरचा तट फोडला तरी आतला तट उभाच होता. कॅप्टन कॅम्पबेलची छोटी तुकडी शिड्या लावून तो चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. शत्रूला आपण पाच दिवस आधी दिसत असलो, तरी तोफा असतील तर किल्ला घेता येतो. पण किल्ल्यात ओलीस असते, तर त्या पाच दिवसांत त्यांचे काय झाले असते? ओलीस सोडवायचे तर बंदूकवाल्याला विचार करायलाही वेळ मिळता कामा नये. साडेतीन तासांचा प्रवास खर्ची घालून विकत घ्यायचे असतात ते हे काही मिनिटांचे गाफीलपण.

आता विमानात बसून ते उतरणे पाहा. खाली काळा समुद्र. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना पाणी. खालचा विमानतळ अजून आपल्या बाजूच्या माणसांकडे आहे की नाही, हे आकाशातून कळायला मार्ग नाही. म्हणून रेडिओवरचा सांकेतिक शब्द ठरलेला. धावपट्टीचे दिवे मालवलेले. वैमानिकाने मागितल्यावर ते काही क्षण लावायचे, की पुन्हा अंधार. मोठे मालवाहू विमान टेकते तेव्हा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सत्तर मीटर. दोन-अडीच किलोमीटरची पट्टी त्या वेगाने अर्ध्या मिनिटात संपते. त्या अर्ध्या मिनिटात शंभराहून अधिक टनांचे वजन आणि पोटातली माणसे थांबवायची. चुकले तर पुढे समुद्र आणि मागेही समुद्र. पहिले विमान थांबले, मागचा दरवाजा उघडला, जवान धावत सुटले आणि थोड्याच वेळात विमानतळ ताब्यात आला.

मग ती खाडी आली. २,६०० किलोमीटर ध्वनीच्या पाऊणपट वेगाने कापलेली माणसे दोन किलोमीटर पाण्यासमोर उभी. पुढचा प्रवास विमानात बसून होणार नव्हता. बेटावर मिळतील त्या नावा ताब्यात घ्यायच्या, अंधारात पलीकडे जायचे, ज्या धक्क्यावर उतरायचे तिथे कोण बसले आहे हे ठाऊक नाही, आणि हाती शहराचा नकाशा आहे तो पर्यटकांसाठी छापलेला. मोहिमेचा खरा धोका इथे होता. पार झाल्यावर गल्ल्या, पुन्हा अंधार, आणि राष्ट्राध्यक्ष ज्या घरात होते तिथपर्यंतचे काहीशे मीटर. पहाट होण्याआधी गयूम सुरक्षित होते. पाठोपाठ आणखी फौज आली. एकूण संख्या सोळाशेच्या आसपास गेली, ऐंशीच्या वीस पट. पण त्या रात्री पाणी ओलांडले ते सोळाशेंनी नव्हे, पहिल्या खेपेतल्या मूठभरांनी.

इथे गोष्ट संपली असती तर ती निव्वळ यशाची झाली असती. पण भारतीय विमाने आली हे कळताच बंडखोरांतल्या बऱ्याच जणांनी बंदरातले ‘प्रोग्रेस लाइट’ हे मालवाहू जहाज पळवले आणि रात्रीच समुद्र गाठला. सोबत दोन डझनांहून अधिक ओलीस. त्यांत मालदीवचे वाहतूकमंत्री अहमद मुजुथबा आणि त्यांची स्विस पत्नी होती.

समुद्रात जहाज शोधायचे म्हणजे काय, याचा साधा हिशेब करून पाहा. जहाज ताशी नऊ नॉटच्या चालीने गेले, म्हणजे साडेसोळा-सतरा किलोमीटर, तर बारा तासांत ते दोनशे किलोमीटर दूर गेलेले असते. कुठल्या दिशेला, ते माहीत नसेल तर दोनशे किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ धुंडाळायचे. त्याचे क्षेत्रफळ सव्वा लाख चौरस किलोमीटर. आपला अमरावती जिल्हा, अख्खा मेळघाट धरून, बारा हजार दोनशे चौरस किलोमीटर. म्हणजे असे दहा जिल्हे, त्यांत ना रस्ता, ना खूण, ना विचारायला माणूस, आणि सगळ्यांत मिळून शोधायचे एक जहाज. तेराव्या तासाला वर्तुळ आणखी बावीस हजार चौरस किलोमीटरने वाढते. त्या एकाच तासात जवळजवळ पावणेदोन अमरावती जिल्हे नव्याने शोधात जमा होतात. उशीर झाला की शोधाचे क्षेत्र वेळेच्या वर्गाच्या पटीत फुगते. समुद्रावरच्या पाठलागाची ही सगळ्यांत क्रूर बाब आहे. जहाज श्रीलंकेकडे जाणार हा अंदाज होता म्हणून पूर्ण वर्तुळ धुंडाळावे लागले नाही. मालेपासून कोलंबो साडेसातशे किलोमीटरहून थोडे जास्त. त्या चालीने दोन दिवस लागणार. तेवढाच वेळ हातात होता.

या टेहळणीत गोव्याचा हात होता. दाबोळीच्या नौदल तळावर त्याच वर्षी टीयू-१४२ ही पल्लेदार विमाने दाखल झाली होती आणि त्यांना पहिल्याच वर्षात हे काम मिळाले. पाठलागाला कोचीहून आयएनएस बेतवा निघाली. ऑस्ट्रेलियाच्या सदिच्छा भेटीवरून परतणारी आयएनएस गोदावरी वाटेतच वळवली गेली. गोदावरीबद्दल लिहिताना माझे बोट क्षणभर थांबते. ही युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, १९८३ मध्ये नौदलात आलेली, त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या नदीचे नाव मिरवणारी. वजन ३,८०० टनांच्या घरात, लांबी सव्वाशे मीटर, आणि मागच्या बाजूला दोन सी किंग हेलिकॉप्टर. एवढ्या आकाराच्या जहाजावर दोन मोठी हेलिकॉप्टर बसवणे ही त्या काळी जगात नवलाची गोष्ट होती. कप्तान होते एस. व्ही. गोपालाचारी.

जहाज गाठले तेव्हा प्रश्न सुटला नाही, उलट उभा राहिला. तोफा होत्या, हेलिकॉप्टर होती, एका माऱ्यात ते जहाज तळाला गेले असते. पण त्यावर ओलीस होते. म्हणजे ३,८०० टनांची सगळी ताकद गोळा करून शक्य तितकी कमी वापरायची. रेडिओवर बोलणी झाली. जहाज थांबेना. इशाऱ्याचे गोळे झाले, हेलिकॉप्टरने पुढच्या पाण्यात स्फोटके टाकली, शेवटी जहाजावरच नेमका मारा करून त्याची चाल मोडली. या ताणात बंडखोरांनी ओलिसांना मारायला सुरुवात केली. ६ नोव्हेंबरला नौदलाचे जवान त्या जहाजावर चढले. नौदलाचे सागरी कमांडो दल, आज ज्याला आपण मार्कोस म्हणतो, तेव्हा दीड-दोन वर्षांचेच होते. मुंबईच्या पलीकडे उरणजवळ करंजाला त्यांचा तळ. या दलाच्या पहिल्यावहिल्या कामगिऱ्यांत ही मोजली जाते.

दोन जहाजांमधले ते अंतर मी किती तरी वेळा मनात मोजून पाहिले आहे. लाटेवर वरखाली होणारी रबरी होडी, वर लोखंडी भिंतीसारखी उभी असलेली जहाजाची बाजू, तिच्यावरून दोरी किंवा शिडी धरून चढणारा माणूस. चढताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे बंदूक हातात नाही. वर कठड्याशी कोण उभे आहे ते डोके वर निघेपर्यंत दिसत नाही. फार तर आठ-दहा मीटरची चढण. आग्र्याहून मालेपर्यंतच्या अंतराचा हा अडीच-तीन लाखावा हिस्सा असेल, पण सगळी मोहीम तेवढ्यावर तोलली होती. लुथुफी आणि त्याचे साथीदार पकडले गेले, उरलेले ओलीस सुटले. सत्तापालटाच्या या सगळ्या प्रकारात १९ जण मेल्याचे सांगितले जाते. बहुतेक बंडखोरच, पण त्यांत ओलीसही आहेत. सोळाशे सैनिक, दोन युद्धनौका, आकाशात विमाने, आणि तरी त्या माणसांपर्यंत वेळेत पोहोचता आले नाही. १९ या आकड्यात त्यांना बंडखोरांसोबत एका ओळीत मोजावे लागते, हे मला फार बोचते.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. ४ जुलै १९७६ च्या मध्यरात्री युगांडातल्या एन्टेबी विमानतळावर इस्रायली कमांडो उतरले. चार हर्क्युलिस विमाने, चार हजार किलोमीटरचा पल्ला, शंभरेक कमांडो. धावपट्टीपासून ओलीस ठेवलेल्या जुन्या इमारतीपर्यंत जाण्यासाठी त्यांनी विमानातून एक काळी मर्सिडीज नेली होती, हुकूमशहा इदी अमीनच्या ताफ्यासारखी दिसावी म्हणून. चार हजार किलोमीटर आकाशातून, आणि अखेरचा टप्पा एका मोटारीच्या सोंगावर. १०६ ओलिसांपैकी १०२ सुटले. जुलै २००० मध्ये सिएरा लिओनमध्ये मेजर जनरल विजयकुमार जेटली यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘ऑपरेशन खुकरी’त कैलाहुन इथे बंडखोरांच्या वेढ्यात अडीच महिने अडकलेले आपले सव्वादोनशे जवान बाहेर काढले गेले, घरापासून सुमारे दहा हजार किलोमीटरवर.

आणि मग मुंबई. २६ नोव्हेंबर २००८. मालेत ऐंशी होते, इथे दहाच. दिल्ली ते मुंबई हवाई अंतर साडेअकराशे किलोमीटर, आग्रा-मालेच्या निम्म्याहूनही कमी; विमान तेच, आयएल-७६, उड्डाणाला दोन तास पुरे. पण ते विमान दिल्लीत नव्हते, चंदीगडहून आणावे लागले. रात्री साडेनऊच्या सुमारास पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या आणि राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान मुंबईत उतरले ते पहाटे पाचनंतर. तिथून दक्षिण मुंबईपर्यंत त्यांना बेस्टच्या बसगाड्यांनी नेले. प्रत्यक्ष कारवाईला सकाळ झाली. तोवर मुंबई पोलिसांनी आणि नौदलाच्या छोट्या तुकड्यांनी जे केले ते जिवावर उदार होऊन, अपुऱ्या हत्यारांनिशी.

हॉटेलमधले शेवटचे अंतर मात्र मालेच्या खाडीपेक्षाही अवघड होते. ताजमध्ये जुनी इमारत आणि टॉवर मिळून साडेपाचशेवर खोल्या. एक खोली उघडायची, न्हाणीघर, कपाट, पलंगाखाली पाहायचे, आत कुणी पाहुणा लपला असेल तर त्याला शांत करून बाहेर काढायचे. यासाठी तीन मिनिटे धरली तरी साडेपाचशे खोल्यांना सत्तावीस तास लागतात, तेही एकही गोळी न झाडली जाता. आत शिरणाऱ्याला दाराआड अतिरेकी आहे की घाबरलेले लहान मूल, हे दार उघडेपर्यंत कळत नाही. मेजर संदीप उन्नीकृष्णन ताजमध्ये गेले आणि हवालदार गजेंद्रसिंग बिष्ट नरिमन हाउसमध्ये. दोघेही जिन्याच्या किंवा खोलीच्या काही मीटरांत. साठ तास, १६६ बळी. आणि शेकडो माणसे या अशाच एकेका दारातून जिवंत बाहेर आली, हेही त्याच हिशेबात लिहिले पाहिजे.

त्यानंतर २००९ मध्ये सुरक्षा रक्षक दलाची केंद्रे मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला उघडली गेली. पल्ला कमी झाला, आणि ते योग्यच झाले. परतवाड्याला आता सर्वांत जवळचे केंद्र हैदराबादचे, सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आत; मुंबई त्याहून शंभर किलोमीटर लांब. हर्क्युलिससारख्या विमानाला हे अंतर पाऊण तासाचे, आणि बेलोऱ्याची १,८५० मीटरची धावपट्टी त्याला पुरून उरेल. बेलोऱ्याहून परतवाडा मात्र रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर आहे. अमरावतीची गर्दी ओलांडून इथवर यायला भरधाव गाडीलाही तासाहून जास्त लागतो, आणि तिथून चिखलदऱ्याचा घाट सुरू होतो.